मांडीवर दिलेली पोर

माझ्याच घरात माझ्याच तोंडावर दार लावून घेतलं त्या बाईनं.

मधल्या खोलीचं दार. त्याला आतून कडी आहे हे मी विसरूनच गेले होते, कारण आमच्याकडं दिवसाउजेडी दार लावायची पद्धत नाही. घरात जे काय बोलायचं ते सगळ्यांच्या देखत, आणि बहुतेक वेळा मीच बोलायचं. आत माझी नात रेवा होती आणि कोल्हापूरच्या संस्थेतून आलेल्या मुजावर मॅडम होत्या. बाहेर मी, आणि बशीत तशीच राहिलेली खोबऱ्याची वडी.

"आक्का, तुम्ही जरा बाहेर बसा," असं त्या गोड बोलूनच म्हणाल्या.

"पोर माझी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणते, बाहेर बसा."

रेवा तेव्हा तिसरीत होती. आता ती कॉलेजात जाते, यावरून किती काळ गेला ते समजून घ्या. पण त्या कडीचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

गडहिंग्लजात रेडेकरांचा डंका कुठं आहे म्हणून विचारलं तर कुणीही सांगेल. डंका म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावच्या बाया मिरच्यांची पोती घेऊन आमच्या दारात रांग लावतात. नवरा गेल्यावर तो डंका मी चालवला. त्याच्यावर मुलाला इंजिनियर केलं, मुलीचं लग्न करून दिलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण माझ्यासमोर आवाज चढवून बोललेला माणूस गावात कुणी दाखवावा.

माझी मुलगी उज्ज्वला काविळीनं गेली तेव्हा रेवा जेमतेम पावलं टाकत होती. जावयानं वर्षाच्या आत दुसरी केली, पोर माझ्या उंबऱ्यात आणून सोडली आणि कोर्टात लिहून दिलं की माझा हिच्यावर हक्क नाही. चांगलं केलं. निदान परत तोंड दाखवलं नाही. पोर मी वाढवली, आणि अशी वाढवली की बिनआईची आहे हे शाळेतल्या बाईंना सांगावं लागलं. मग मला छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी वायरी लावून बघितलं आणि म्हणाले, आक्का, आता जपून राहायचं. मला मरणाची भीती नव्हती. पण एक गोष्ट डोक्यात जी बसली ती उठेना. मी गेले की हिचं कोण?

उत्तर तर समोरच होतं. माझा एकुलता एक मुलगा धैर्यशील जर्मनीत. सून वृषाली, अकोल्याची. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेली, मूल नाही. इथले आणि तिथले दवाखाने करून दोघं थकली होती. मामाच्या मांडीवर भाचीला द्यायचं म्हणजे त्यांचंही घर भरलं आणि पोरीलाही छप्पर मिळालं. मी ठरवलं.

दिवाळीला ती दोघं आली तेव्हा पाट मांडले. गुरुजी बोलावले, भावकी बोलावली. विधवा बाईनं पोर देऊ नये असं आमच्या एक जाऊबाई कुजबुजल्या, तर मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. रेवाला मी स्वतः उचलून धैर्यशीलच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, आजपासून ही तुझी. सवाष्णींनी ओवाळलं, पेढे वाटले. वृषाली डोक्यावर पदर घेऊन शेजारच्या पाटावर बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मुलालाही नाही. त्यात विचारायचं काय? रेवाला मात्र नीट शिकवलं. आता मामा नाही म्हणायचं, बाबा म्हणायचं. मामी नाही, आई. ‘आई’ तिच्या तोंडात लगेच बसलं. ‘बाबा’ म्हणायची, पण मी जवळपास असले तरच.

पेढे वाटले की पोर जर्मनीला गेली, असंच मला वाटत होतं. पासपोर्टाची कामं करणारा बाबू गवंडी आमच्याच गल्लीतला. तो माझ्याकडं बघून हसला.

"आक्का, मांडीवर घेतली म्हणून विमानात बसवून नेता येत नाही पोर."

मग त्यानं समजावून सांगितलं ते असं. तिकडं त्यांच्या सरकारनं मान्यता दिलेली एजन्सी असते, ती मुलाचं घर तपासणार. इकडं आपल्या सरकारनं मान्यता दिलेली संस्था असते, ती आमचं घर तपासणार. दोघी एकमेकींना कळवणार, मग दिल्ली, मग कोर्ट. कुठंही एकानं मान डोलावली नाही की सगळं थांबलं. का, तर परदेशात पोरं विकतात, नेऊन राबवतात. मी म्हटलं, अरे सख्खा मामा आहे तिचा. तर म्हणतो, सख्ख्यांनाही सोडत नाहीत.

तर अशा त्या मुजावर मॅडम. आल्या त्या शिंकतच आल्या, कारण डंका चालू होता. नाकाला रुमाल लावून सगळं घर बघितलं, रेवाचं दप्तर बघितलं, माझ्या गोळ्यासुद्धा बघितल्या. आणि मग ते दार.

दार उघडलं तेव्हा रेवा बाहेर आली, वडी उचलली आणि माझ्याकडं न बघता परसात गेली. मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही या. माझ्याच खोलीत मला पाहुणीसारखं बोलावलं, आणि परत कडी लावली.

"आक्का, तुम्हाला काय वाटतं? रेवानं जावं का?"

"मला काय विचारताय? मीच ठरवलंय ते."

"ठरवलंय ते कळलं. तुम्हाला वाटतं काय?"

"कधी नेताय तेवढं सांगा. तिच्यासाठी गरम कपडे घ्यायचे आहेत."

त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पेनाचं टोपण लावलं आणि नुसत्या बसून राहिल्या. पलंगावर रेवाचा शाळेचा फ्रॉक पडला होता, त्याची मी घडी घातली. मग ती उलगडली आणि परत घातली. "आणखी काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चहा घेणार का?"

जाताना दारात म्हणाल्या, मुलीशी मला आणखी एकदा बोलावं लागेल. मी मनात म्हटलं, झालं सुरू यांचं. चांगलं चाललेलं काम लांबवल्याशिवाय सरकारी माणसाला करमत नाही. गावात ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगितलं, आणि वर चार शब्द जास्त.

रविवारी दुपारी जर्मनीहून फोन यायचा, तोंडं दिसतात तसला. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचा आणि समोर मी बसायचे, रेवा शेजारी. बोलायची ती वृषालीच. तिचे प्रश्न ऐकून माझं डोकं फिरायचं. रेवाच्या पावलाचं माप काय, केसांना कुठलं तेल लावता, रात्री तिला दिवा लागतो का. मी म्हणायचे, आमच्या घरात पोरी अंधाराला घाबरत नाहीत. तर रेवा मधेच म्हणायची, मला लागतो दिवा. मग वृषाली हसायची आणि म्हणायची, लावू आपण. ती तिला जर्मन आकडे शिकवायची. पोर डंक्यावर बसून मिरच्यांच्या पोत्यांवर हात ठेवत ते मोजायची, आणि बाया हसून हसून शिंकायच्या.

मला वाटायचं, ही बया सगळी चौकशी करून, पारखून घेतीय. बाजारात मेथीची जुडी उलटून बघतात तशी.

धैर्यशील शेजारी बसून हं हं करायचा. त्याच्या चष्म्यावर उजेड हलत असायचा. थकलाय बिचारा, असं मला वाटायचं. दिवसभर परक्या लोकांत काम करायचं, वर आईशी बोलायला बसायचं.

एका रविवारी वृषालीनं सांगितलं की तिकडच्या एजन्सीची बाई घरी येऊन गेली. सगळ्या खिडक्यांच्या खिट्ट्या ओढून बघितल्या, औषधं कुठं ठेवता ते विचारलं, रेवासाठी रंगवलेली खोली बघितली. मग दोघांना वेगवेगळं बसवून बोलली. आधी वृषालीशी, मग धैर्यशीलशी.

"नवराबायकोला वेगळं बसवून काय विचारायचं असतं?" मी म्हटलं. "चोरी केलीय का त्यांनी?"

"त्यांची पद्धतच आहे, आई. एकासमोर दुसरा मोकळं बोलत नाही म्हणून."

"आमच्यात नाही बाई असलं काही," मी म्हटलं. धैर्यशीलनं चष्मा काढून शर्टाला पुसला.

पाडवा झाला आणि मिरचीचा हंगाम भरात आला. त्या दिवशी फोन आला तो नुसत्या आवाजाचा, आणि रविवार नव्हता. धैर्यशील म्हणाला, "आई, रेवाचं नाही जमत. एजन्सीनं थांबवलं."

मी विचारलं, का थांबवलं. तर म्हणाला, घरात दोघांचं एकमत लागतं, एकाचं जरी मन नसलं तर ते पुढं जात नाहीत.

"म्हणजे वृषालीचं मन नाही," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. डंका चालू होता, म्हणून मला वाटलं ऐकू आलं नसेल, तर मी परत विचारलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना आई. तू त्रास करून घेऊ नको."

मी फोन तिला द्यायला लावला. आणि मग जे माझ्या तोंडात आलं ते मी बोलले. वांझ म्हटलं, हे पण सांगून टाकते. आयती पोर दिली तर ती पण तुला जड झाली का, म्हटलं. ती सगळं ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आई, रेवाला माझ्यावर रागावू देऊ नका."

त्यानंतर ज्या ज्या बाईनं आमच्या डंक्यावर मिरची आणली तिला मी सांगितलं. अकोल्याची सून, शिकलेली सून, एवढी माणसं जमवून मांडीवर दिलेली पोर नको म्हणाली. बाया मिरच्यांची देठं मोडता मोडता हळहळायच्या. कुणी म्हणायचं, पहिल्यापासून तिचं नाक वरच होतं. कुणी म्हणायचं, दिवाळीतसुद्धा बघा कशी गप्प बसली होती. मला बरं वाटायचं ऐकून.

रविवारी फोन वाजायचा, तर मी तो बंद करायचे. रेवा तांब्याजवळ उभी राहून विचारायची, आईचा होता का? एकदा मी तिला सांगून टाकलं, ती तुझी आई नाही. मामी आहे, आणि मामीच म्हणायचं. त्या दिवसापासून जर्मन आकडे बंद झाले.

गुरुजींकडं पण जाऊन आले. म्हटलं, दिलेली पोर परत घ्यायचा विधी करून द्या, मला या अर्धवट नात्यात ती नको. गुरुजींनी पोथी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, आक्का, द्यायचा विधी आहे, परत घ्यायचा नाही. म्हणजे माझी नात आता गावाच्या लेखी धैर्यशीलची लेक, आणि धैर्यशीलच्या घरात तिला जागा नाही. छातीतलं दुखणं होतं तिथंच होतं. मी गेले की हिचं कोण, हा प्रश्न आता रात्रंदिवस माझ्या उशाशी येऊन बसला.

म्हणून एक दिवस रेवाला शाळेत सोडलं आणि तशीच एसटीनं कोल्हापूरला गेले, मुजावर मॅडमच्या संस्थेत. खाली पाळणाघर होतं, वर त्यांची खोली. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या, पाणी दिलं. मी पाणी बाजूला सारलं.

बरंच बोलले मी. म्हटलं, तुमच्यासारख्या एजन्स्या असतात कशाला? पोरांना घर मिळवून द्यायला का मिळणारं घर बंद करायला? एका बाईच्या लहरीपायी तुम्ही माझ्या नातीचं वाटोळं केलं. तिकडच्या तुमच्या बहिणीला कळवा, परत जाऊन त्या दोघांना एकत्र बसवा, मी फोनवर असते, बघते कशी नाही म्हणते ती माझ्यासमोर.

"तुमच्यासमोर कुणीच नाही म्हणणार नाही, आक्का," त्या म्हणाल्या. "म्हणून तर वेगळं बसवतात."

"ते सोडा. माझ्या सुनेनं काय सांगितलं त्या बाईला, तेवढं मला कळू द्या. शब्दान् शब्द."

"कुणी काय सांगितलं ते आम्ही कुणालाच सांगत नाही. तिथंही तोच नियम आहे."

मग मी वृषालीबद्दल जे बोलले ते इथं परत लिहीत नाही. मॅडम खाली मान घालून ऐकत होत्या. खालून कुठल्यातरी तान्ह्याचं रडणं येत होतं. मी थांबले तेव्हा त्यांनी वर बघितलं. सांगू का नको असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"एकच म्हणते, आणि हे मी म्हटलं नाही असं समजा. सुनेबद्दल असं बोलू नका."

"का बोलू नको?"

"बोलू नका, आक्का."

मी चौथी शिकलेली बाई आहे, पण मूर्ख नाही. घरात नाही म्हणू शकणारी माणसं दोन. त्यातलं एक वजा केलं की काय उरतं, ते कळायला पाटी लागत नाही.

एसटी स्टँडवर बाकड्यावर बसले. गडहिंग्लजची गाडी लागली होती, मी चढले नाही. पिशवीतून मोबाईल काढला आणि धैर्यशीलला लावला. तिकडं सकाळ असावी, त्याच्या आवाजात झोप होती. मी कसा आहेस, काय चाललंय काही केलं नाही.

"नाही कोण म्हटलं?"

"आई, तू कुठं आहेस? एवढा गोंगाट कसला?"

"मी कुठं का असेना. नाही कोण म्हटलं?"

माझ्या समोरून एक गाडी गेली, मग दुसरी गेली.

"मी."

मी मोबाईल कानापासून लांब धरला. त्याला वाटलं फोन तुटला. हॅलो, हॅलो करायला लागला.

"बोल," मी म्हटलं. "ऐकतीय."

"मला मूलच नको होतं, आई. कुणाचंच. वृषालीला हवं होतं म्हणून दवाखाने केले. ते जमलं नाही तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं."

"मग मांडीवर कशाला घेतलीस पोर?"

"तू पाट मांडून ठेवला होतास. सगळी भावकी बसली होती, गुरुजी बसले होते. तू उचलून ठेवलीस माझ्या मांडीवर. तिथं मी काय करणार होतो, उठून जाणार होतो?"

"आणि त्या परक्या बाईला बरोबर सांगितलंस. जन्मात पहिल्यांदा बघितलेल्या बाईला."

"तिनं विचारलं, आई."

बाकड्यावर शेजारी एक म्हातारा शेंगा खात होता, तो टरफलं माझ्या पायाशी टाकत होता. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते.

"वृषालीच्या माथी कशाला मारलंस?"

"मी तिचं नाव घेतलं नव्हतं. तूच घेतलंस."

"आणि तू?"

"मी काही बोललो नाही."

"तेच म्हणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बापानं हौसेनं नाव ठेवलं होतं धैर्यशील.

घरी आले तेव्हा रेवा शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. शेजारच्या बायकांनी तिला सांगितलं होतं की आज्जी कोल्हापूरला भांडायला गेलीय. माझी पिशवी तिनं हातातून घेतली आणि माझ्या मागंमाग स्वयंपाकघरात आली.

"मामीनं परत नको म्हटलं का?" तिनं विचारलं. माझाच शब्द होता तो, मामी. तिच्या तोंडात तो खड्यासारखा वाजला.

मी म्हटलं, "मामी नाही. आईच म्हण तिला. तिनं हो म्हटलं होतं."

मला वाटलं पोर विचारेल, मग कुणी नको म्हटलं? तिनं विचारलं नाही. पाटावर बसली आणि फ्रॉकची किनार बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मामाला मी नको आहे ते."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. फोनवर बोलताना तो दुसरंच काहीतरी बघत असतो. त्याच्या चष्म्यात दिसतं ना. हिरवं हिरवं मैदान दिसतं, त्याच्यावर माणसं पळतात. मी एकदा त्याला सांगितलं माझा दात पडला, तर तो हं म्हणाला, आणि त्याच्या चष्म्यात बॉल गेला."

प्रत्येक रविवारी मी त्या तांब्यासमोर बसत होते. पोरीच्या शेजारी, तिला खेटून. मला नुसता उजेड दिसला होता.

"हे तू मुजावर मॅडमना सांगितलंस?"

तिनं मान डोलावली. "त्यांनी विचारलं जायचंय का. मी म्हटलं आईकडं जायचंय. मामाकडं नाही. तर त्या म्हणाल्या आपण परत एकदा बोलू."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," रेवा म्हणाली. रागानं नाही. उद्या शाळेला सुट्टी आहे असं सांगावं तशी म्हणाली.

मी भाकरीचं पीठ घेतलं परातीत. पाणी घातलं ते जास्त झालं. आणखी पीठ घातलं.

"आज्जी, तुझ्याशीपण बोलल्या ना मॅडम, दार लावून? तुला काय विचारलं?"

"तेच. तू जावंस का."

"मग तू काय म्हणालीस?"

पीठ मळायला लागले. माझ्या मुलानं दार लावल्यावर खरं सांगितलं होतं. सुनेनं सांगितलं होतं. या एवढ्याशा पोरीनं सांगितलं होतं. मॅडम टोपण लावून माझ्यासमोर बसल्या होत्या, आणखी काही सांगायचंय का म्हणून विचारत होत्या, आणि मी त्यांना चहा विचारला होता.

"हो म्हटलं," मी म्हणाले. "जावं म्हटलं."

रेवानं माझ्याकडं बघितलं आणि पाटावरून उठून ताट मांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी डंक्यावर गर्दी होती. मी यंत्र बंद करायला लावलं. बायांना वाटलं काही बिघाड झाला. मी उभी राहून सांगितलं, माझ्या सुनेबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. पोर नको म्हणणारा माझा मुलगा. सुनेच्या नावानं हळहळता येतं. आक्काच्या मुलाच्या नावानं आक्कासमोर कोण हळहळणार? बाया खाली बघून देठं मोडत राहिल्या, आणि मी यंत्र चालू करायला सांगितलं.

वृषालीची माफी मी मागितली नाही. मला ती मागता येत नाही. रविवारी फोन वाजला तेव्हा तो उचलला, तांब्याला टेकवला आणि रेवाला हाक मारून मी परसात निघून गेले. मी ऐकत नसताना त्या दोघींनी काय बोलायचं ते बोलू दे, म्हटलं. कितीतरी वेळ बोलत होत्या.

पुढच्या वर्षी वृषाली धैर्यशीलपासून वेगळी झाली आणि पुण्याला नोकरीवर आली. रेवा सुट्टीत तिच्याकडं जायला लागली, मग दहावीनंतर तिथंच शिकायला राहिली. त्याला पाट लागला नाही, गुरुजी लागले नाहीत, कुठली एजन्सी लागली नाही. दोघींनी आपसात ठरवलं आणि मला येऊन सांगितलं. जाऊ का म्हणून मला कुणी विचारलं नाही. बरं केलं. विचारलं असतं तर मी परत खोटंच बोलले असते.

मी अजून आहे. डॉक्टर होते ते गेले, मी आहे. डंका चालतो. गावात अजून रेवाला धैर्यशीलची लेक म्हणतात, आणि मी दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्तीचा विधीच नाही.

दिवाळीला त्याचा फोन येतो. तोंड दिसतं तसला. केस पिकलेत, चष्मा बदललाय. कशी आहेस आई, म्हणतो. बरी आहे म्हणते. तो काय काय सांगत असतो, मी हं हं करते. ऐकत काही नसते मी. चष्मा बघत असते.